जुन्या होम कॉम्प्युटरची चिप बदलताना: आधी बोर्ड वाचवा

पोटमाळ्यावरून खाली काढलेला जुना स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, लगेच विजेला जोडू नका. ज्या हवेत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर आठवड्याभरात बुरशी चढते, त्या हवेत या यंत्राने तीसपस्तीस पावसाळे काढले आहेत. चिपांचे पाय काळवंडलेले असतात, सॉकेटची पाती सैल पडलेली असतात, आणि समुद्राकाठच्या घरातला असेल तर खारट ओल बोर्डाच्या कडेच्या तांब्यापर्यंत पोचलेली असते. वीज दिल्यावर काही क्षणांत एखादी धड मेमरी चिपही जळू शकते. ही हानी टाळता येण्यासारखी असते.

गोव्यातल्या घरांत अशी यंत्रे सापडतात ती वेगवेगळ्या वाटांनी आलेली. कुणी गल्फहून सुटीवर येताना रबरी कळांचा झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा कमोडोर ६४ आणला. कुणाच्या पोर्तुगालमधल्या नातेवाइकांकडून टायमेक्स कॉम्प्युटर २०४८ आला. तो पोर्तुगालमध्येच बनायचा आणि स्पेक्ट्रमची बहुतेक सॉफ्टवेअर त्यावर चालतात. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस मिळायचा, आणि १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांसाठी बीबीसी मायक्रो निवडला गेला होता. या लेखात मुख्य उदाहरण ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमचे घेतले आहे, कारण त्यात मेमरी बदलण्याचे काम सगळ्यात जास्त निघते. बीबीसीची रॉम (प्रोग्राम कायमचा साठवलेली चिप) आणि कमोडोरची साउंड चिप पुढे येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. चिप परत मिळते, बोर्ड परत मिळत नाही. ४११६ मेमरी आजही पोस्टाने येते, पण बोर्डाच्या भोकातले तांब्याचे अस्तर एकदा चिपच्या पायाबरोबर उपटून आले की ते कुठल्याच दुकानात मिळत नाही. पुढे जिथे जिथे चिप की बोर्ड असा प्रश्न येईल, तिथे बोर्डाच्या बाजूने निर्णय घ्यायचा.

आधी वीज

बंद पडलेल्या स्पेक्ट्रममध्ये पहिला संशय चिपवर घेऊ नका, विजेवर घ्या. मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट डीसीचा, १.४ अँपिअरचा, आणि त्याच्या जॅकची मधली पिन ऋण असते. आज बाजारात मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे, मधली पिन धन असलेले असतात. जॅक आकाराने बसतो, म्हणून लावला जातो, आणि मशीन तिथेच जाते. मल्टिमीटरची काळी वायर जॅकच्या आतल्या भागाला आणि लाल वायर बाहेरच्या नळीला लावा. आकडा अधिक चिन्हाचा आला तरच तो अ‍ॅडॉप्टर वापरा. मूळ अ‍ॅडॉप्टर रेग्युलेटेड नसतो, त्यामुळे भार नसताना १२ ते १४ व्होल्ट दाखवेल. ते ठीक आहे.

आता केस उघडा. कळांखालच्या पातळ पडद्याच्या, म्हणजे मेम्ब्रेनच्या, दोन पारदर्शक पट्ट्या बोर्डातल्या कनेक्टरमध्ये खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या ठिसूळ झालेल्या असतात. मुळाशी धरून सरळ वर ओढा, वाकवू नका. टोकालाच चिरलेली असेल तर कात्रीने दोन-तीन मिलिमीटर सरळ कापून पुन्हा खोचता येते. मधे चिरली असेल तर नवा मेम्ब्रेनच घ्यावा लागतो.

वीज जोडण्यापूर्वी मीटर ओहमवर ठेवा. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६के मेमरीत आठ ४११६ चिपा असतात, बोर्डावरच्या क्रमांकांप्रमाणे आयसी६ ते आयसी१३. या चिपेला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५, आणि पाय १६ ग्राउंड. आयसी६ च्या पाय ८ आणि पाय १६ मधला रोध मोजा. दोन-चार ओहमच दिसला तर १२ व्होल्टची वाट कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा एखाद्या ४११६ च्या पोटात. अशा स्थितीत वीज दिली तर १२ व्होल्ट तयार करणारा ट्रान्झिस्टर टीआर४ जातो. उलटही घडते: टीआर४ गेला की उणे ५ व्होल्ट नाहीसे होतात, आणि उणे ५ शिवाय ४११६ आतून तापून मरते. त्यामुळे नुसता ट्रान्झिस्टर किंवा नुसती मेमरी बदलणे पुरेसे होत नाही. दोन्ही एकत्र तपासायचे. टीआर४ ला झेडटीएक्स६५० लावतात. तो बदलताना शेजारच्या कॉइलची वायर करपली आहे का, आणि त्याचा जोडीदार ट्रान्झिस्टर टीआर५ धड आहे का, हेही बघून घ्या.

शॉर्ट नसेल तर वीज द्या आणि काळी वायर ग्राउंडला ठेवून तीन मोजमापे पटापट घ्या. पाय ९ वर ४.९ ते ५.१, पाय ८ वर १२ च्या आसपास, पाय १ वर उणे ५ च्या आसपास. उणे ५ दिसले नाही तर त्याच क्षणी जॅक काढा. बाकीचे दोन बरोबर आहेत म्हणून पुढे जाऊ नका.

५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर खूप तापतो, ते नेहमीचेच आहे. पण मे महिन्यातल्या खोलीत, बंद केसमध्ये, तो जवळच्या चिपांनाही तापवतो. त्या जागी १ अँपिअरचा ट्रॅको टीएसआर १-२४५० हा स्विचिंग रेग्युलेटर त्याच तीन पायांत बसतो आणि हाताला जेमतेम कोमट लागतो. मशीन रोज वापरायची असेल तर सगळ्या बदलांत हा पहिला करावा असे माझे मत आहे.

कुठली चिप गेली ते पडदाच सांगतो

चित्राची मेमरी खालच्या १६के मध्येच असते, म्हणून तिथला बिघाड डोळ्यांना दिसतो. प्रत्येक चिप एक बिट सांभाळते: आयसी६ म्हणजे डी०, आयसी७ म्हणजे डी१, असे करत आयसी१३ म्हणजे डी७. पडद्यावरचे एक अक्षर आठ ठिपके रुंद असते. डावीकडचा ठिपका डी७ चा, उजवीकडचा डी० चा. एखादी चिप एकाच स्थितीत अडकली की प्रत्येक अक्षराच्या त्याच जागी एक उभी बारीक रेघ उमटते. रुंदीत बत्तीस अक्षरे, म्हणून रेघाही बत्तीस. भिंग घेऊन पडद्याशी बसा आणि रेघ अक्षराच्या चौकटीत डावीकडून कितवी आहे ते मोजा. पहिली असेल तर आयसी१३, आठवी असेल तर आयसी६.

रंगांवरूनही कळते. रंगाच्या बाइटमध्ये डी७ म्हणजे लुकलुकणे, डी६ म्हणजे उजळपणा, डी५ ते डी३ पार्श्वभूमीचा रंग, डी२ ते डी० अक्षराचा रंग. सगळा पडदा एका तालात लुकलुकत असेल तर डी७, म्हणजे आयसी१३ कडे बघा. सगळ्याच बिटांचा गोंधळ दिसत असेल तर आठही चिपा एकदम गेल्या असे मानू नका. पत्ता निवडणाऱ्या आयसी३ आणि आयसी४, म्हणजे ७४एलएस१५७, आधी संशयित धरा. त्या स्वस्त असतात आणि सहज मिळतात.

वरच्या ३२के चा बिघाड मात्र शांत असतो. चालू केल्यावरची कॉपीराइटची ओळ नीट येते, छोटे प्रोग्राम चालतात, मोठा गेम लोड झाला की मशीन कोसळते. तेव्हा हे टाका:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ आले तर मशीनला ४८के पूर्ण सापडले. ३२७६७ आले तर वरच्या मेमरीचे पहिलेच घर वाचताना गडबड झाली. मधला कुठलाही आकडा आला तर बिघाड त्या पत्त्याच्या लगेच पुढे आहे; त्या पत्त्यात एक मिळवा. ३२७६७ साठी तो पत्ता ३२७६८. आता त्या पत्त्यावर पोक (मेमरीत आकडा लिहिण्याची आज्ञा) करून ० लिहा आणि पीक (मेमरीतला आकडा वाचण्याची आज्ञा) करून वाचा. ० ऐवजी ४ आले तर डी२ एकवर अडकला आहे. मग २५५ लिहून वाचा. २५१ आले तर डी२ शून्यावर अडकला आहे. वरच्या चिपा आयसी१५ पासून आयसी२२ पर्यंत याच क्रमाने डी० ते डी७ आहेत, म्हणून डी२ म्हणजे आयसी१७. एकदम चार-पाच बिट चुकत असतील तर आयसी२३ ते आयसी२६ हे लॉजिक आयसी तपासायला घ्या.

सोल्डरला हात लावण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या करता येतात. पहिली: संशयित चिपवर त्याच जातीची चांगली चिप, खाच खाचेवर ठेवून, सगळे पाय पायांना टेकतील अशी दाबून धरा आणि मशीन चालू करा. पडदा सुधारला तर खालची चिप गेली. सुधारला नाही तरी ती चांगली ठरत नाही, कारण आतून शॉर्ट झालेली चिप वरच्या चिपेलाही खाली ओढते. दुसरी: मशीन चालू करून आठही चिपांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकेक थेंब ठेवा. ज्या चिपवरचा थेंब बाकीच्यांच्या आधी सुकतो, ती सगळ्यात गरम. कोमट सगळ्याच असतात. बोट ठेवता येत नाही इतकी गरम असेल ती काढायची.

साहित्य

तापमान ठरवता येणारे ६० वॉटचे सोल्डरिंग स्टेशन हवे. साध्या २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या लोखंडाने (आयर्नने) नवे सॉकेट लावता येते, पण ग्राउंडच्या पायाचे सोल्डर त्याने नीट वितळत नाही, आणि मग माणूस जोर लावतो. ६३/३७ चे, ०.५ किंवा ०.८ मिलिमीटर जाडीचे सोल्डर, फ्लक्सची (सोल्डर नीट वाहू देणाऱ्या पदार्थाची) पेन किंवा डबी, सोल्डर पंप, अडीच मिलिमीटर रुंदीची तांब्याची विक (वितळलेले सोल्डर शोषणारी वेणी), टोक सपाट असलेला बारीक कटर, चिमटा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बीप देणारा मल्टिमीटर, मनगटाचा अर्थिंग पट्टा, ज्यात १ मेगाओहमचा रोध असतो. पावसाळ्यात स्थिर वीज कमी साठते हे खरे, पण वातानुकूलित खोलीत बसून काम करणार असाल तर त्यावर विसंबू नका.

चिपा: एकच जात, दहा नग. आठ लागतात, दोन खराब निघू शकतात. मेमरी १५० नॅनोसेकंदांची किंवा त्याहून वेगवान घ्या, म्हणजे आकड्यामागे १५ किंवा १२ लिहिलेले असते. सोळा पायांची गोल छिद्रांची सॉकेट आठ. पातीचे स्वस्त सॉकेट घेऊ नका. त्यात पायाला एकाच बाजूने स्पर्श असतो आणि दमट हवेत तोच सर्वांत आधी दगा देतो. पणजी किंवा मडगावच्या दुकानांत सॉकेट, सोल्डर, ७४एलएस मालिकेतले आयसी मिळू शकतात. जुनी मेमरी मात्र बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा परदेशातून मागवावी लागते, आणि तिथे जुने नाव खरवडून नवे छापलेल्या चिपा हमखास मिसळलेल्या असतात. कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घेऊन चिपची पाठ घासा. काळा रंग कापसाला लागला आणि अक्षरे विरघळली तर ती रंगवलेली आहे.

जुनी चिप काढणे

सगळे काम इथे बिघडते, म्हणून इथे वेळ द्या. बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खाच कुठल्या दिशेला आहे ते कागदावर लिहा.

मेलेली चिप अखंड काढण्याचा मोह टाळा. कटरने सगळे सोळा पाय चिपच्या अंगाशी लागून कापा, बोर्डापासून जितके उंच ठेवता येतील तितके उंच. अंग उचलून टाका. आता बोर्डात सोळा सुटे पाय उभे राहतात. लोखंडाचे तापमान ३५० अंश सेल्सिअस ठेवा. प्रत्येक टाक्यावर खालून आधी थोडे नवे सोल्डर आणि फ्लक्स द्या. चाळीस वर्षांचे सोल्डर वर राखट आणि आत कडक झालेले असते. नवे मिसळले की ते पाण्यासारखे चमकते. ती चमक दिसली की वरून चिमट्याने पाय धरा आणि नुसता उचला. ओढू नका. नीट वितळला असेल तर पाय लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. एका टाक्यावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही. निघाला नाही तर सोडा, दुसऱ्या पायाकडे जा, याला गार होऊ द्या.

ग्राउंडचा पाय, ४११६ मध्ये १६ वा, रुंद तांब्याला जोडलेला असतो आणि उष्णता पिऊन टाकतो. त्याच्यासाठी तापमान ३८० पर्यंत वाढवा आणि रुंद टोक वापरा. याच पायावर सर्वाधिक पॅड (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकत्या) उखडतात.

पाय निघाले की भोके मोकळी करा: थोडे नवे सोल्डर, मग पंप, मग उरलेल्यावर विक. विक गार झाल्यावर चिकटून बसली तर उपटू नका, पुन्हा तापवून उचला. बोर्ड खिडकीच्या उजेडासमोर धरा. सोळाही भोकांतून उजेड आरपार दिसला पाहिजे, आणि भोकाच्या आत चांदीसारखी कड अखंड दिसली पाहिजे. ती कड एखाद्या ठिकाणी तुटलेली असेल, तर वरची वाट आणि खालची वाट यांचा तिथे संबंध तुटला आहे. सॉकेट लावल्यावर त्या पायापासून पुढच्या चिपच्या पायापर्यंत बीप येते का बघा. येत नसेल तर ३० गेजची वायर-रॅप वायर खालच्या बाजूने दोन्ही टोकांना जोडा. दिसायला ते फारसे बरे दिसत नाही, पण पुढे अनेक वर्षे चालते.

सॉकेटची खाच बोर्डावरच्या खाचेशी जुळवा. आधी कोपऱ्यातले समोरासमोरचे दोनच पाय सोल्डर करा, सॉकेट बोर्डाला सपाट टेकले आहे का बघा, मग बाकीचे. शेवटी जुन्या टूथब्रशने अल्कोहोल लावून फ्लक्स धुवा. इथे हे ऐच्छिक नाही: उरलेला फ्लक्स ओल धरतो, आणि सहा महिन्यांत दोन पायांमध्ये हिरवट पूल तयार होतो.

चिपा घालण्यापूर्वी रिकाम्या सॉकेटांवर पुन्हा तिन्ही व्होल्टेज मोजा. मग वीज काढून चिपा बसवा. नव्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात. टेबलावर एक बाजू टेकवून सगळे पाय एकदम जरा आत वाकवा, नाहीतर एक पाय दुमडून चिपच्या पोटाखाली जातो आणि वरून काहीच दिसत नाही. जुनी चिप पुन्हा वापरत असाल तर तिचे पाय बघा. १९८० च्या सुमाराच्या कित्येक चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा असतो आणि तो हवेने काळा पडतो. फायबरग्लास पेनने किंवा खोडरबराने हलके घासा. जोराने घासल्यास पाय अंगाजवळ तुटतो.

४११६ च्या जागी ४१६४

तीन व्होल्टेज लागणारी ४११६ ही या मशीनची दुखरी नस आहे. तिच्या जागी फक्त ५ व्होल्टवर चालणारी ४१६४ बसवता येते, आणि सॉकेट लावलेले असेल तर बोर्डावर एकही ओरखडा न काढता. पायांची तुलना करा. ४१६४ मध्ये पाय १ सहसा रिकामा, पाय ८ वर अधिक ५ व्होल्ट, पाय ९ हा पत्त्याचा ए७, पाय १६ ग्राउंड. बाकीचे सगळे जसेच्या तसे जुळतात.

करायचे ते असे. नव्या चिपचा पाय १ अंगाशी कापून टाका, म्हणजे सॉकेटमधले उणे ५ त्याला लागणार नाही. पाय ८ सरळ बाहेर आडवा करा, म्हणजे १२ व्होल्टच्या छिद्रात तो जाणारच नाही. चिपच्या खाच नसलेल्या टोकाला ८ आणि ९ हे पाय समोरासमोर येतात. बारीक वायरचा एक सेंटिमीटरचा तुकडा त्या आखूड बाजूवरून नेऊन ८ ला ९ शी जोडा. ९ ला सोल्डर करताना ते पायाच्या वरच्या, रुंद भागावरच ठेवा. खालच्या निमुळत्या भागावर गेले तर पाय सॉकेटमध्ये शिरत नाही, आणि जबरदस्तीने घातला तर गोल छिद्र कायमचे फाकते. सॉकेटच्या ९ मधून ५ व्होल्ट येतात, तेच वायरने ८ ला मिळतात. ए७ कायम वर राहतो, म्हणून चिपचा काही भागच वापरला जातो, पण लागतात तितके १६के मिळतात.

एकच चिप अशी बदलून बाकीच्या सात ४११६ ठेवल्या तरी चालते. आठही बदलल्या तर उणे ५ नसताना मेमरी जळण्याची भीती कायमची गेली. तरीही टीआर४ चे सर्किट काढून टाकू नका. रंगाचे चित्र तयार करणाऱ्या एलएम१८८९ ला, म्हणजे आयसी१४ ला, १२ व्होल्ट लागतातच. आणि आठही ४१६४ आता ५ व्होल्टवर आल्याने ७८०५ वरचा भार वाढतो. रेग्युलेटर बदलण्याचे आणखी एक कारण.

वरच्या ३२के मध्ये मूळच्या चिपा म्हणजे अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४के चिपा होत्या. कुठला अर्धा चांगला ते बोर्डावरच्या तारेच्या दुव्याने ठरते. एखादीच बदलायची असेल तर पूर्ण ४१६४ लावा. तिचे दोन्ही अर्धे चांगले असल्याने दुव्याला हात लावावा लागत नाही.

प्रोसेसर झेड८०ए क्वचितच जातो. बदलायचाच असेल तर सीमॉस झेड८४सी०००६ कमी तापतो आणि त्याच चाळीस पायांत बसतो. एक फरक माहीत असू द्या: आउट (सी),० ही अधिकृत यादीत नसलेली आज्ञा जुनी चिप ० म्हणून पाठवते, सीमॉस चिप २५५ म्हणून. तिच्यावर अवलंबून असलेले मोजके डेमो आणि गेम वेगळे वागतात. फेरांटीची यूएलए, म्हणजे खास स्पेक्ट्रमसाठी बनवलेली मुख्य चिप, मात्र जपा. ती धड असतानाच तिच्या पाठीवर छोटा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवा.

बीबीसी मायक्रो: रॉम स्वतःची घालणे

आवडीप्रमाणे बदल करायला बीबीसी मायक्रोसारखे दुसरे यंत्र नाही, कारण रॉमची सॉकेट मुळातच दिलेली आहेत: कीबोर्डाखाली उजवीकडे पाच सॉकेटची रांग. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टीम, मग आयसी५२, ८८, १००, १०१. या चारांचे क्रमांक १२ ते १५, आणि सगळ्यात उजवीकडचे १५ हे सर्वांत वरचढ. तिथे वर्ड प्रोसेसरसारखी भाषेची रॉम घातली तर मशीन बेसिकऐवजी त्यातच उघडते. बिघाड समजू नका. तारांकन बेसिक (*BASIC) टाकले की बेसिक येते.

पण त्याच्या पॉवर सप्लायला हात लावल्याशिवाय वीज देऊ नका. आत मेन्सच्या वाटेवर पारदर्शक पिवळट आवरणाचे दोन फिल्टर कपॅसिटर असतात, १०० आणि १० नॅनोफॅरॅडचे. कालांतराने आवरणाला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून ओल आतल्या कागदात शिरते, आणि चालू केल्यावर काही मिनिटांत घरभर उग्र धूर होतो. आपल्याकडची हवा या कपॅसिटरला सगळ्यात वाईट. २७५ व्होल्ट एसीचे, एक्स२ वर्गाचे नवे लावा. साधे पॉलिस्टर चालणार नाहीत. प्लग काढून ठेवल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहतो. तो उतरवून मीटरने खात्री करण्याची सवय नसेल, तर एवढे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या अनुभवी माणसाकडून करून घ्या.

रॉम १६के ची, २७१२८ जातीची. जुन्या खिडकीच्या चिपा पुसायला २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील दिवा पंधरा-वीस मिनिटे लागतो. कडक उन्हातही पुसल्या जातात, पण आठवडाभर लागतो. लिहून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक लेबल लावा. मूळ २७१२८ ला लिहिताना २१ व्होल्ट लागतात आणि टीएल८६६टू प्लससारखे स्वस्त प्रोग्रामर १८ च्या पुढे जात नाहीत. म्हणून २७सी१२८ घ्या, किंवा विजेनेच पुसली जाणारी डब्ल्यू२७सी५१२. ती ६४के ची आहे, म्हणून १६,३८४ बाइटांची तीच फाइल चारदा एकापुढे एक जोडून ६५,५३६ बाइटांची फाइल करा. मग पाय १ आणि २७ वर काहीही असले तरी योग्यच मजकूर वाचला जातो.

चार वेगवेगळ्या रॉम हव्या असतील तर चार फाइली जोडा आणि पाय १ आणि २७ सॉकेटबाहेर आडवे करा. हे ए१५ आणि ए१४. दोघांना १० किलोओहमच्या रोधाने ५ व्होल्टला बांधा, आणि प्रत्येकापासून एक स्विच ग्राउंडला न्या. दोन्ही स्विच बंद म्हणजे शेवटचा चौथा भाग, दोन्ही चालू म्हणजे पहिला. मशीन चालू असताना स्विच फिरवू नका. वीज दिल्यावर तारांकन हेल्प टाका. रॉमचे नाव यादीत आले की काम झाले.

कमोडोर ६४ ची साउंड चिप

मूळ ठोकळ्यासारखा अ‍ॅडॉप्टर मोजल्याशिवाय लावूच नका. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज वर चढते आणि मेमरी मरते. सात पिनांच्या प्लगमध्ये पिन ५ वर अधिक ५ व्होल्ट, पिन २ ग्राउंड, पिन ६ आणि ७ मध्ये ९ व्होल्ट एसी. पिन ५ वरचा आकडा ५.२५ च्या वर गेला तर तो अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवा.

एसआयडीच्या, म्हणजे या साउंड चिपच्या, दोन जाती आहेत आणि त्या सरळ अदलाबदल होत नाहीत. ६५८१ ला पाय २८ वर १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. जुन्या बोर्डात ८५८० तशीच खोचली तर ती गेली. घालायचीच असेल तर पाय २८ बाहेर काढून १२ व्होल्टमधून ७८एल०९ या रेग्युलेटरने ९ व्होल्ट द्या, आणि फिल्टरचे दोन ४७० पिकोफॅरॅडचे कपॅसिटर काढून २२ नॅनोफॅरॅडचे लावा. ते बदलले नाहीत तर आवाज येतो, पण फिल्टर चुकीच्या सुरात चालतो. ८५८० वर रेकॉर्ड केलेले आवाज फार हळू ऐकू येतात. पाय २६ ते ग्राउंड ३३० किलोओहमचा रोध लावला की ते उठून येतात. जुन्या गाण्यांसाठी मला ६५८१ च बरी वाटते, कारण बरेचसे संगीत तिच्याच फिल्टरवर कान ठेवून लिहिले गेले.

दोन तासांची चाचणी, आणि पाऊस

मशीन पहिल्यांदा नीट चालू झाली म्हणून केस बंद करू नका. दोन तास चालू ठेवा, दर अर्ध्या तासाने ५ व्होल्ट मोजा आणि वर दिलेली पोक-पीकची चाचणी ३२७६८, ४००००, ५०००० आणि ६५००० वर करा. गार असताना चालणारी आणि तापल्यावर चुकणारी चिप याच वेळी सापडते. तशी सापडली तर आधी तिच्या सॉकेटला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, आहे का बघा, मग चिप बदला.

शक्य असेल तर सोल्डरिंगचे काम चतुर्थीनंतर, हवा जरा कोरडी झाल्यावर काढा. मृगापासून पुढचे चार महिने मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत निदान १०० ग्रॅम सिलिका जेल. निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये पुन्हा निळे होईपर्यंत सुकवा. पहिल्या पावसात दर पंधरा दिवसांनी बघावे लागते. तांदळात ठेवू नका, त्याची पूड सॉकेटच्या छिद्रांत जाते. महिन्यातून एकदा डबा उघडून मशीन तासभर चालवा. आतून आलेल्या उष्णतेने पायांजवळ साठलेली ओल निघून जाते, आणि पुढचा बिघाड लहान असतानाच लक्षात येतो.